किरमिजी किड्याचा फसलेला उद्योग

महाराष्ट्रातून तंजावरला अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या शेतकरी गटांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बृहदीश्वराचे दर्शन, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद, आडुतुरैचे भात संशोधन केंद्र आणि शेवटी राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान, उद्योजकता व व्यवस्थापन संस्थेतील उद्योग संवर्धन केंद्र. या शेवटच्या ठिकाणी भरडधान्याचे पदार्थ, नारळाची उत्पादने, वाळवणयंत्रे आणि ती तयार करणारे तरुण उद्योजक भेटतात. गट परततात ते यशोगाथांची टिपणे घेऊन. जे नवउद्योग दोन-तीन हंगामांत बंद पडले, त्यांची टिपणे कोणी घेत नाही, कारण ती कोणी दाखवतही नाही. माझ्या मते अभ्यासदौऱ्यातून सर्वाधिक उपयोगी पडले असते ते हेच.

कीटकशास्त्राची एक सवय येथे सांगण्याजोगी आहे. आमच्या संग्रहालयात मेलेला कीटक टाचणीवर लावला जातो आणि त्याच टाचणीवर एक छोटी चिठ्ठी असते. कोठे सापडला, कोणत्या तारखेला, कोणत्या वनस्पतीवर, कोणी गोळा केला. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी. आपल्याकडचे बुडालेले कृषिउद्योग हे असे चिठ्ठी नसलेले नमुने आहेत. 'पैसा कमी पडला', 'शासनाने साथ दिली नाही', 'शेतकऱ्यांनी शब्द पाळला नाही' ही वाक्ये म्हणजे चिठ्ठी नव्हे. ती बहुतेक वेळा शेवटच्या महिन्याचे वर्णन करतात. चूक पहिल्या महिन्यात झालेली असते.

याच तमिळ भूमीत अठराव्या शतकाच्या अखेरीस फसलेल्या एका उद्योगाची चिठ्ठी मात्र शाबूत आहे. तो उद्योग कीटकांचाच होता, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

ज्या गडद तांबड्या रंगाला आपण मराठीत किरमिजी म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशीच किडा आहे. पूर्वी हा रंग भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षांवरील एका खवले किडीपासून काढीत. पुढे मेक्सिकोतील फड्या निवडुंगावर वाढणारा कोचिनील कीटक, डॅक्टिलोपियस कॉकस, युरोपीय व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि जुना रंग मागे पडला. एक पौंड वाळवलेल्या मालासाठी सुमारे ७० हजार माद्या लागतात. युरोपातील लष्करांचे तांबडे डगले, धर्मगुरूंची वस्त्रे, राजवाड्यांतील पडदे या साऱ्यांना हा माल हवा होता आणि त्याची किल्ली स्पेनच्या हाती होती. ईस्ट इंडिया कंपनीला ही मक्तेदारी मोडायची होती. आजच्या भाषेत बोलायचे तर बाजारपेठ प्रचंड होती, प्रतिस्पर्धी एकच होता आणि भांडवलदार तयार होता.

मद्रासला कंपनीच्या सेवेत जेम्स अँडरसन नावाचे वैद्य होते. वनस्पतींचा आणि कीटकांचा त्यांना मोठा नाद. १७८६ मध्ये त्यांना तेथील गवतावर कोचिनीलसारखा एक कीटक दिसला. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना त्यांनी उत्साहाने पत्रे लिहिली, नमुने पाठवले. लंडनमधील परीक्षेत त्या किड्यातून कामाचा रंग निघाला नाही. अँडरसन खचले नाहीत. हा किडा नाही तर खरा किडा मागवू, आणि तो येईपर्यंत त्याचे खाद्य तयार ठेवू, असे त्यांनी ठरवले. सैदापेठेत निवडुंगाची बाग उभी राहिली आणि लंडनच्या क्यू उद्यानातून निवडुंगाची रोपे आली. किडा येण्याच्या कितीतरी आधी बाग, मनुष्यबळ आणि खर्च यांची मांडणी पूर्ण झाली होती. खरा कीटक आणून देणाऱ्यास कंपनीने बक्षीसही जाहीर केले.

१७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वाटेत ब्राझीलच्या रिओ दि जानेरो बंदरात निवडुंगावर वाढणारे कोचिनील कीटक पाहिले, काही पाने किड्यांसह जहाजावर चढवली आणि ती कलकत्त्याला पोहोचवली. तेथील वनस्पती उद्यान विल्यम रॉक्सबर्ग यांच्या देखरेखीखाली होते. प्रवासात तगलेले थोडे कीटक निवडुंगावर सोडले गेले. येथे पहिली सूचना मिळाली होती. आपल्याकडे आधीपासून कुंपणाला रुजलेल्या निवडुंगावर ते झपाट्याने वाढले. परदेशातून आणलेल्या, खऱ्या कोचिनीलसाठी म्हणून जोपासलेल्या निवडुंगाकडे त्यांनी पाठ फिरवली. कोणताही कीटकशास्त्रज्ञ आज येथे थांबेल. यजमान वनस्पती बदलली, म्हणजे कीटक तोच आहे ना, हे आधी तपासले पाहिजे.

तो कीटक तो नव्हताच. तो डॅक्टिलोपियस सिलोनिकस होता. अंगावर कापसासारख्या मेणाचा दाट थर, रंग कमी आणि हलक्या प्रतीचा. मालाचे वजन भरत होते, पण रंगाऱ्याला हवा होता तो रंग त्यात नव्हता. मद्रासच्या शेतकऱ्यांना आणि जमीनदारांना उत्तेजन देऊन माल गोळा झाला, जहाजे गेली, पण मेक्सिकोच्या मालापुढे तो टिकला नाही. १८००च्या सुमारास सैदापेठेची बाग बंद झाली आणि तेथील निवडुंग बेंगळुरूच्या लालबागेकडे गेले.

चुकीची जात एवढेच कारण सांगून हा नमुना मिटवता येणार नाही. योग्य जात आली असती तरी पुढे दुसरी अडचण उभी होती. मेक्सिकोतील ओआहाका प्रांताचे शेतकरी हा किडा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत होते. पावसाळ्यात ते माद्या असलेली पाने छपराखाली घेत, शत्रुकीटक हाताने झाडून काढत, नव्या पानांवर पिल्ले बसवण्याची वेळ जाणत. खरा कोचिनील हा पाळीव कीटक आहे, रेशीमकिड्यासारखा. तो माणसाच्या हाताशिवाय तगत नाही. कंपनीला किडा हवा होता. तो सांभाळणारा हात आणि त्या हातातील ज्ञान तिच्या हिशेबात नव्हते. जहाजातून किडा आणता येतो, हात आणता येत नाही.

या फसलेल्या उद्योगाचा पुढचा भाग आमच्या शास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. रंगासाठी नालायक ठरलेल्या या किड्याने उत्तर आणि मध्य भारतातील निवडुंगाच्या दाट वाढीचा फडशा पाडला. ते पाहून १८३६ ते १८३८ या काळात त्याला दक्षिणेत मुद्दाम आणून निवडुंगावर सोडण्यात आले. तणाच्या नियंत्रणासाठी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात कीटक हेतुपूर्वक नेण्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते. त्याने निवडुंगाची एक जात संपवली, पण दुसऱ्या जातीला तोंडही लावले नाही. त्या दुसऱ्या जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेमार्गे डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा वेगळा कीटक आणावा लागला आणि त्याने दक्षिण भारतातील मोठे क्षेत्र मोकळे केले.

अपयशातून नेहमीच असे काही फळ निघते, असे मला म्हणायचे नाही. बहुतेक वेळा निघत नाही. येथे ते निघाले, कारण नोंदी होत्या. अँडरसन यांनी आपला पत्रव्यवहार मद्रासमध्येच छापून प्रसिद्ध केला होता, लंडनहून आलेल्या नकारांसह. कोणता किडा कोणत्या निवडुंगावर वाढला आणि कोणत्यावर नाही, हे लिहिलेले राहिले. नंतरच्या शतकात नावे दुरुस्त झाली, जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या आणि 'आधी ओळख, मग आयात' हा जैविक नियंत्रणाचा नियम बनला. २००८ मध्ये कोइंबतूरला पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला आणि थोड्याच काळात तो महाराष्ट्रातील पपईबागांतही पोहोचला, तेव्हा त्याची नेमकी ओळख आधी पटवली गेली. मग २०१०मध्ये पोर्टो रिकोहून त्याचेच परोपजीवी कीटक मागवले गेले. अ‍ॅसेरोफॅगस पपाये या चिमुकल्या गांधीलमाशीने ते काम कसे केले, हे पुणे-जळगावकडील बागायतदारांनी पाहिलेच आहे.

आता याच मापाने आपल्या काळातील काही उद्योग तपासू.

जट्रोफाचे पाहा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनाचा अहवाल दिला. पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टर लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, असे स्वप्न मांडले गेले. अनेक कंपन्या रोपे आणि करार घेऊन तमिळनाडू, महाराष्ट्र, छत्तीसगडमध्ये उतरल्या. 'जनावर खात नाही, म्हणून कीड लागत नाही. पडीक जमिनीत येते, पाणी लागत नाही' हे वाक्य तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. कुंपणाला एकटे उभे असलेले झाड आणि सलग लागवडीतील तेच झाड, ही कीटकांच्या दृष्टीने दोन वेगळी जगे आहेत. सलग लागवड होताच फळांतील रस शोषणारे स्क्युटेलेरा ढेकूण आले, फुलोरा जाळ्यात गुंडाळणारी पेम्पेलिया अळी आली, पांढऱ्या माशीमार्फत मोझॅक विषाणू आला. बिनपाण्याच्या जमिनीत झाड जगले, पण बी धरले नाही. कोइंबतूर आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतील लागवडींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्पन्न अपेक्षेपेक्षा फार कमी असल्याचे दाखवले. कंपन्या निघून गेल्या. शेतकऱ्याच्या बांधावर झाड राहिले आणि ते उपटण्याची मजुरीही त्यानेच भरली.

इमूची आणि कडकनाथची गोष्ट वेगळ्या खात्यात टाकावी लागेल, कारण तेथे अपयशात फसवणूक मिसळली होती. ऑगस्ट २०१२ मध्ये इरोड जिल्ह्यातील पेरुंदुरै येथील इमू कंपन्या कोसळल्या, तेव्हा टाकून दिलेल्या पक्ष्यांना खाद्य घालण्याची वेळ शासनावर आली. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणाने सांगली-कोल्हापूरकडील शेतकऱ्यांना तोच धडा पुन्हा दिला. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवली तरी विस्तार कार्यकर्त्याला दिसणारे एक लक्षण दोन्हींत समान आहे. मिळणारा पैसा खाणाऱ्या ग्राहकाकडून येत नव्हता, तो पुढच्या शेतकऱ्याला पिल्ले विकून येत होता. हे लक्षण प्रामाणिक उद्योगांतही दिसते. गांडूळखतात ज्यांनी पैसे मिळवले त्यांतील किती जणांनी खत विकून मिळवले आणि किती जणांनी गांडुळे व प्रशिक्षण विकून, हा प्रश्न आपल्या तालुक्यात विचारून पाहावा. व्हॅनिलाच्या तेजीतही वेलीचे तुकडे विकणारे आधी श्रीमंत झाले. रोपवाटिकेचा नफा हा पिकाच्या नफ्याचा पुरावा नसतो.

जगातही वेगळे चित्र नाही. फ्रान्समधील यिन्सेक्ट ही २०११ मध्ये स्थापन झालेली कंपनी पीठकिड्यांपासून पशुखाद्यासाठी प्रथिने बनवत होती. तिने कोट्यवधी युरो भांडवल उभे केले, आमिएँ शहराजवळ यंत्रमानवांनी चालणारा बहुमजली कारखाना बांधला आणि २०२४ मध्ये तिला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. कीटक वाढत नव्हते असे नाही, ते उत्तम वाढत होते. पण ते गव्हाचा कोंडा खात होते, जो जनावरांना थेट घालता येतो, आणि त्यांची प्रथिने मासळीच्या भुकटीशी व सोयाबीनच्या पेंडीशी भावात झुंजत होती. आपल्याकडे काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचे प्रकल्प सध्या जोमात आहेत. माझा त्यांना विरोध नाही, उलट शहरी ओल्या कचऱ्यावर ते चालत असतील तर स्वागतच आहे. मात्र अळी काय खाते, ते खाद्य कोणी फुकट देतो की विकत घ्यावे लागते आणि ती पुरवणारी महापालिका करार बदलेल तेव्हा काय, ही तीन उत्तरे हाती नसताना कोणा शेतकऱ्याने शेड बांधू नये.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जैविक निविष्ठांचे छोटे उद्योग सुरू होतात आणि बंद पडतात, त्यांचा हिशेब मला सर्वांत बोधप्रद वाटतो. भातावरील पिवळ्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा किलोनिस हे अंड्यांवरील परोपजीवी कीटक आपणास परिचित आहेत. हेक्टरी सुमारे १ लाख कीटक, आठवड्याच्या अंतराने, लावणीनंतर साधारण महिन्याभरापासून. शिफारस सरळ आहे, मागणीही आहे. मग उद्योग का बुडतो?

ट्रायकोकार्ड तयार करायचे तर आधी कोर्सिरा पतंग वाढवावा लागतो. भरडलेल्या बाजरीवर किंवा ज्वारीवर त्याची एक पिढी साधारण ४० ते ४५ दिवस घेते. मधेच ब्रॅकॉन गांधीलमाशी किंवा कोळी खोलीत शिरले तर सारा साठा जातो. परोपजीवी झालेल्या अंड्यांतून आठवडाभरात कीटक बाहेर पडतात, शीतपेटीत ठेवून थोडे दिवस मिळतात, त्याहून अधिक नाही. म्हणजे उद्योजकाने मागणीच्या दीड-दोन महिने आधी उत्पादन सुरू केले पाहिजे, आणि माल तयार झाला की तो दिवसांत विकला गेला पाहिजे.

ती मागणी केव्हा येते? कुरुवै हंगामाची लावणी मेट्टूर धरणाच्या पाण्यावर चालते. पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. २०२२ मध्ये ते २४ मे रोजीच सुटले. २०२४ मध्ये २८ जुलै उजाडला. दोन हंगामांच्या तारखांत दोन महिन्यांहून अधिक फरक. कर्नाटकातील पाऊस आणि नदीचा तंटा ठरवतो की तंजावरच्या एका खोलीतील पतंगांची अंडी विकली जातील की फेकली जातील. यात भर म्हणजे सरकारी योजनेतून कार्डे फुकट किंवा अनुदानावर वाटली गेली, तर त्या हंगामात विकत घेणारा हात आखडतो. आणि शेजारच्या शेतात व्यापक परिणामाचे कीटकनाशक फवारले गेले की कार्ड लावणाऱ्याचा विश्वास उडतो, मग दोष कार्डाच्या माथी येतो.

उद्योजकाच्या व्यवसाय आराखड्यात यातील काय असते? बहुतेकदा जिल्ह्यातील भाताचे क्षेत्र, त्याला गुणिले हेक्टरी कार्डे, त्याला गुणिले किंमत. कृषी नवउद्योगांना आज कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि बीजभांडवल म्हणून २५ लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि या गुणाकारावर ते मिळतेही. पण गुणाकारात क्षेत्र असते, तारीख नसते. सजीव मालाच्या धंद्यात तारीख हाच खरा माल आहे. जो घटक शेतकरी उत्पादक कंपनीकडून लावणीच्या नोंदी घेऊन, सलग शिवाराची आगाऊ मागणी घेऊन आणि रिकाम्या महिन्यांत ऊस किंवा भाजीपाल्यासाठी कार्डे पुरवून चालतो, त्याला टिकण्याची संधी अधिक आहे. उसाच्या कांडीकिडीसाठी ट्रायकोग्रामा वापरणाऱ्या आपल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना ग्राहक शोधावा लागत नाही. तो सभासदच असतो, आणि त्याच्या लागणीची तारीख शेतकी कार्यालयाच्या वहीत असते.

ज्या संस्थेच्या संवर्धन केंद्राचा उल्लेख आरंभी केला, तिचा स्वतःचा जन्म या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९६७ मध्ये तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीत, सहकारी पणन संघाच्या छायेत, ती केवळ गुणवत्ता तपासणीची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. कापणीच्या वेळी पाऊस लागला की ओले भात ढिगात तापून नासे, आणि ते कसे वाचवायचे हा रोजचा प्रश्न होता. म्हणजे प्रश्न दारात पडलेला होता आणि ग्राहक गिरणीतच उभा होता. १९७२ मध्ये त्यातून भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले, आणि आज ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे. सैदापेठेची बाग ज्या क्रमाने उभी राहिली, त्याच्या नेमका उलटा हा क्रम.

मराठी वाचकांसाठी एक अवांतर. सैदापेठेची बाग बंद झाली, त्याच्या आगेमागेच, १७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य कंपनीकडे गेले आणि सरफोजी राजांच्या हाती किल्ला व परिसर एवढेच उरले. त्यांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला. इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक १८०६ मध्ये तेथेच छापले. छापलेली पुस्तके मोजकीच. तो उपक्रम राजाश्रयावर उभा होता, विकत घेणाऱ्या वाचकावर नाही. अनुदानावर चालणाऱ्या आजच्या केंद्रांनी सरस्वती महालात ती पुस्तके पाहताना त्यांच्या सौंदर्यासोबत हेही ध्यानात घ्यावे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक उद्योग संवर्धन केंद्राने आणि कृषी विज्ञान केंद्राने बंद पडलेल्या नवउद्योगांचे एकपानी टिपण ठेवावे, उद्योजकाचे नाव गाळून. अनुदानाचा शेवटचा हप्ता किंवा खाते बंद करण्याची परवानगी या टिपणाशी जोडली तर ते लिहिले जाईल, एरवी नाही. त्यात दोषारोप नको. सजीव घटकाचे शास्त्रीय नाव काय होते आणि ते कोणी तपासले. तो कोणत्या हवामानात व कोणत्या खाद्यावर तपासला गेला. पहिला पैसा कोणाकडून आला, अंतिम वापरणाऱ्याकडून की पुढच्या उत्पादकाकडून. माल किती दिवस टिकत होता आणि मागणीची तारीख कोणाच्या हाती होती. उद्योग बंद झाला तेव्हा शेतकऱ्याच्या शेतात काय उरले आणि ते काढण्याचा खर्च कोणी केला. एवढ्या नोंदी पुरेत. विस्तार कार्यकर्त्यांनी पुढच्या वेळी एखादी कंपनी रोपे, पिल्ले किंवा अळ्या घेऊन गावात आली की हाच कागद तिच्यासमोर कोरा ठेवावा. शेवटचा रकाना आधी भरून घ्यावा.